आमच्यात कोणालाच नाही

माझ्या सासूबाईंच्या हाताला ताप कळतो, अशी दहिसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची ख्याती आहे. कुणाचं मूल किरकिरलं की त्याची आई आमची बेल वाजवते. "वनमालाकाकी, जरा हात लावून बघता का?" काकी आधी मानेमागे हात लावतात, मग पोटाला, आणि शेवटी तळपाय चाचपतात. तळपाय गार लागले की सांगतात, "चढतोय अजून. आत्ताच गोधडीत गुंडाळू नको." मला पूर्वी या सगळ्याचं कौतुक वाटायचं. आता त्या हात पुढे करताना दिसल्या तरी डोक्यात तिडीक जाते.

मी मूळची मुलुंडची. सर्वेशशी लग्न होऊन दहिसरला आले. सासरची माणसं मालवणकडची. सासरे गिरणीत होते, ते मी यायच्या आधीच गेले. घरात सासूबाई, सर्वेश, त्याची धाकटी बहीण रुचिरा, मी आणि आमचा दीड वर्षाचा निहार. रुचिराशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं. मला सख्खी बहीण नाही, ती मला दहिसरला मिळाली, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचे. किती बावळट असावं माणसाने!

रुचिराचं लग्न जमलं तेही निहारमुळेच. बोरीवलीचे डॉक्टर मार्तंड परुळेकर त्याचे डॉक्टर. लस द्यायची असली की रुचिरा सोबत यायची, कारण सुई टोचताना मला बघवायचं नाही आणि निहार तिच्या मांडीवर बऱ्यापैकी गप्प बसायचा. एकदा डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं, "या आत्याबाईंचं लग्न झालंय का?" त्यांच्या बहिणीचा मुलगा मिहिर लग्नाचा होता. चहापोहे झाले, मुलामुलीचं फिरणं झालं, दोघं एकमेकांना आवडली. सासूबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. डॉक्टरांच्या घरात मुलगी पडणार म्हणून त्यांनी मालवणच्या वाडीतल्या देवाला नवस बोलून ठेवला.

आणि साखरपुड्याची तारीख काढायची बोलणी चालू असतानाच निहार आजारी पडला.

साधी सर्दी होती. दुपारी मी त्याला मऊ भात भरवत होते. तो तोंड फिरवत होता, डोळे लाल झाले होते. सासूबाईंनी पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "बर्फ झालेत पाय. ताप चढणार." मी थर्मामीटर आणायला उठले, तेवढ्यात त्याची मान मागे गेली. डोळे वर फिरले, हातपाय ताठ झाले आणि सगळं अंग थडथड उडायला लागलं. मी किंचाळले. दार उघडंच होतं, शेजारची नंदा धावत आली आणि आमच्याच टोपलीतला कांदा फोडून त्याच्या नाकाशी न्यायला लागली. मागून कुणीतरी ओरडत होतं, दातांत चमचा घाला, जीभ चावेल. मी चमचा घेतलासुद्धा. सासूबाईंनी तो माझ्या हातातून हिसकावून फेकला. नंदाला बाजूला ढकललं, निहारला चटईवर कुशीवर वळवलं, तोंडातून गळणारा फेस पदराने पुसला, शर्टाची बटणं सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. "थांबेल. आत्ता थांबेल," एवढंच पुटपुटत होत्या.

आणि थांबलं. निहार ढिला पडला, रडला, मग गाढ झोपला. सासूबाईंचा आवाजही कापला नव्हता. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. खरंच ठेवलं. मनात आलं, ही बाई म्हणजे देवमाणूस आहे.

डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे बाहेरच्या बाकावर त्याला दुसऱ्यांदा झटका आला. डॉक्टरांनी आत नेलं, औषध दिलं, जवळच्या हॉस्पिटलात दाखल करायला सांगितलं. निहार शांत झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "लहान मुलांना तापात असे झटके येतात. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत येऊ शकतात, मग आपोआप थांबतात. बहुतेकांचं पुढे काही बिघडत नाही, ही मिरगी नव्हे. फक्त एकाच दिवसात दोनदा आले, त्यामुळे मला जरा खोलात जायला लागेल. एक सांगा, घरात लहानपणी कुणाला असं व्हायचं का? वडिलांना, आत्याला, मामाला? हे बऱ्याचदा घराण्यात असतं. असलं तर माझी निम्मी काळजी मिटेल."

"नाही हो डॉक्टर," सासूबाई लगेच म्हणाल्या. "आमच्यात कोणालाच नाही असलं काही."

डॉक्टरांनी सर्वेशकडे बघितलं. सर्वेश भिंतीवरच्या रंगीत माशांच्या चित्राकडे बघत होता. त्याने मान हलवली, नाही म्हणून.

मग माझी पाळी. मी तिथूनच आईला फोन लावला. ती बिचारी आठवून आठवून एकेकाचं नाव घेत होती, चुलत, मावस, सगळे. कुणालाच नव्हतं.

डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला, आणि एमआरआय. एमआरआयसाठी एवढ्या लहान मुलाला भूल द्यावी लागते. ती तारीख मिळाली साखरपुड्यानंतरच्या मंगळवारची.

हॉस्पिटलातून घरी येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "असं हवेतून येत नाही गं काही. कुठून तरी येतंच. तुझ्या आईला नीट आठवायला सांग. मुलीकडचे लग्नाच्या वेळी सगळं सांगतात असं थोडंच आहे."

सर्वेश पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसला होता. त्याला ऐकू गेलं. गेलंच, कारण रिक्षा सिग्नलला उभी होती.

ते वाक्य माझ्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. मी मुलुंडला गेले आणि आईला कोपऱ्यात घेतलं. माझा धाकटा मामा कॉलेजात असताना गेला, कावीळ झाली होती असं आम्हाला सांगितलेलं. मी विचारलं, "मामा खरं कशाने गेला? झटके यायचे का त्याला? लपवलंत का तुम्ही?" आई म्हणाली, "कावीळच झाली होती. तुझ्या पोराची शपथ घेऊन सांगू का? मेलेल्या माणसावर आळ कशाला घेतेस गं?" आणि तोंडाला पदर लावून आत गेली. त्यानंतर ती दहिसरला आली नाही. फोन करायची, निहार कसा आहे विचारायची आणि ठेवून द्यायची.

त्या दिवसांत मी वेडी व्हायची बाकी होते. थर्मामीटर माझ्या गळ्यातच असल्यासारखा. निहार झोपून उठला की बघ, आंघोळीनंतर बघ, धावून आला की बघ. नव्याण्णव दिसलं की लगेच डॉक्टरांना फोन. डॉक्टर एकदा चिडलेच. "अहो, नव्याण्णव म्हणजे ताप नाही. मुलाचं अंग दिवसभर एकसारखं राहत नसतं. पहाटे कमी असतं, संध्याकाळी वाढतं. रडला, नाचला, जाड कपड्यांत झोपला तरी वाढतं. आकड्याकडे कमी बघा आणि मुलाकडे जास्त बघा. खेळतोय, पाणी पितोय, हसतोय, तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या." मला पटायचं. घरी आले की पुन्हा काखेत थर्मामीटर. कारण मिरगी नाही असं ते म्हणत होते, आणि तरी त्याच्या मेंदूचा फोटो काढायचा म्हणत होते. माझ्या मुलाला मिरगी आहे का, एवढा एकच प्रश्न मला उरला होता. तो घेऊनच मी उठायचे, तो घेऊनच झोपायचे.

हे सगळं सर्वेशने डोळ्यांनी बघितलं. "किती वेळा मोजतेस? झोप की आता," म्हणायचा आणि कूस वळवायचा. रुचिरा माझ्याजवळ येऊन बसायची, माझे केस मागे सारायची. "वहिनी, काही होणार नाही गं त्याला. बघशील तू, शाळेत जायच्या वयात सगळं थांबेल." किती खात्रीने सांगायची! मला वाटायचं, ही माया आहे.

साखरपुडा बोरीवलीच्या एका हॉलमध्ये होता, रविवारी दुपारी. एसी नावाला होता, माणसं भरमसाट. निहारला सासूबाईंनी रेशमी कुर्ता, वर जाकीट असं नटवलं होतं. अंगठ्या घालून होईपर्यंत तो माझ्या खांद्यावर झोपला आणि उठला तो लालबुंद, घामाने निथळत. त्याला घेऊन मी मुलीकडच्यांच्या खोलीत गेले, जाकीट काढलं, कुर्ता काढला, पंख्याखाली बसवलं आणि थर्मामीटर लावला.

तेवढ्यात सहदेवमामा आत आले. सासूबाईंचे थोरले भाऊ, साखरपुड्यासाठी म्हणून सकाळीच मालवणहून उतरले होते. आमची भेट लग्नात झाली होती तेवढीच. पंख्याखाली बसायला आले असावेत. माझी धांदल बघून ते हसले.

"अगो, कित्याक इतक्या घाबरतंस? खेळताहा मां तो?"

"मामा, याला तापात झटके आले होते. परवा एमआरआय आहे."

"मगे? ह्येचो बापूस पण तसोच होतो," मामा खुर्चीत टेकत म्हणाले. "ताप चढलो काय डोळे फिरवी. आमच्याकडे सुट्टीत इल्लो तेव्हा दोनदा झाला. वनमाला त्येका कुशीर घेवन बसायची. आणि रुचिराक तर लय येळा झाला. मोठी झाली तशी गेला सगळा. काय होणा नाय, तू उगाच जीव खातंस."

थर्मामीटर वाजला. मी बघितलाच नाही. मी मामांना पुन्हा विचारलं, "सर्वेशला? आणि रुचिराला?"

"दादा, गप ऱ्हव!" दारातून सासूबाईंचा आवाज आला.

बस. त्या दोन शब्दांनंतर मला आणखी पुरावा नको होता. त्या मागून येऊन उभ्या होत्या, हातात पेढ्यांचं ताट. मामा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. गुपित आहे हेच कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

"म्हणून तुम्हाला येत होतं," मी म्हणाले. "कुशीवर घ्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, थांबेल थांबेल म्हणत बसायचं. तुम्ही हे दोन पोरांवर करून बसला होतात. आणि मी तुमच्या पाया पडले."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "बाहेर त्यांची माणसं आहेत."

मी सर्वेशला बोलावून घेतलं. रुचिराही मागोमाग आली, नवी साडी सावरत, अंगठीचा हात अजून पुढे धरलेला. दोघांचे चेहरे बघताच कळलं की यांना सांगावं लागणार नाही.

"तुला माहीत होतं?" मी सर्वेशला विचारलं.

"लहानपणीचं कुणाला आठवतं गं?"

"आठवतं का नाही विचारलं. माहीत होतं का विचारलं."

त्याने मागे वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "आई म्हणाली, आत्ता नको. डॉक्टर मिहिरचे सख्खे मामा. फिट्सचं घराणं आहे असं त्यांच्या डोक्यात गेलं असतं तर हिचं मोडलं असतं. सोमवारी सांगणारच होतो. एमआरआयच्या आधी."

"सोमवारी! आणि सोमवारी म्हणाला असतास, लग्न होऊन जाऊ दे. मग बाळंतपण होऊ दे. भूल देऊन माझ्या पोराला त्या मशीनमध्ये सरकवलं असतं आणि तू बाहेर बसून मासे बघितले असतेस!"

"एमआरआयने काही होत नाही, शर्मिष्ठा. सगळ्यांचा करतात."

"आणि माझ्या आईचं काय? रिक्षात ऐकलंस ना तू? मी जाऊन तिला तिच्या मेलेल्या भावावरून खोटं पाडलं. तू मला जाऊ दिलंस. परत आले, तुझ्याजवळ बसून रडले, तेव्हा पाठीवर हात फिरवलास. तेव्हाही तोंडात मूग!"

मी रुचिराकडे वळले. तिचे डोळे भरले होते. "वहिनी, माझी चूक आहे. पण प्लीज, आज नको. आजचा दिवस जाऊ दे."

एकवेळ सासूबाईंचं मी समजू शकले असते. आई आहे, मुलीच्या लग्नापायी आंधळी झाली. पण ही माझ्या उशाशी बसायची. मी भीतीने अर्धी झालेली तिला दिसत होते, आणि त्या भीतीवरचं औषध तिच्या तोंडात होतं. ते गिळून ती माझे केस विंचरत होती.

"तुझा दिवस मी बिघडवणार नाही," मी तिला म्हणाले. "पण माझ्या मुलाचा डॉक्टर बाहेर बसलाय, त्याला मी सांगणार."

सासूबाई दारात आडव्या झाल्या. मी निहारला कडेवर घेतलं आणि त्यांच्या बाजूने निघाले. त्यांनी दंड धरला, मी सोडवला. आरडाओरडा केला नाही. डॉक्टर खिडकीजवळ ताट घेऊन उभे होते. त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं बाजूला येता?" आणि सगळं सांगितलं. सर्वेश तोवर मागे येऊन उभा राहिला होता.

डॉक्टरांनी ताट खाली ठेवलं. आधी त्यांनी सर्वेशकडे बघितलं. "मी तुम्हाला समोर बसवून विचारलं होतं," ते म्हणाले. "डॉक्टरला खोटं सांगायचं असेल तर मुलाला आणता कशाला?" सर्वेश बुटांकडे बघत होता. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "आलेख व्यवस्थित आला होता. दोनदा झालं म्हणून मी फोटो काढायला निघालो होतो, तेही घरात कुणाला नाही म्हणालात म्हणून. वडील आणि आत्या दोघांनाही होतं, दोघंही धडधाकट आहेत, तर एमआरआय मी रद्द करतो. पुन्हा ताप आला तर पुन्हा झटका येऊ शकतो, ते धरून चाला. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल. बाकी मोठा झाला की हे मागे पडतं."

"आणि रुचिराचं..." सर्वेश पुटपुटला.

"रुचिराचं काय? माझ्या बहिणीला, मिहिरच्या आईलाच सहा वर्षांची होईपर्यंत यायचे. ती स्वतः हसत सांगते. आमच्याकडे कोण विचारतंय याला?" डॉक्टरांनी पुन्हा ताट उचललं. श्रीखंड संपायला आलंय का ते त्यांनी मागे वळून बघितलं.

बातमी मुलीकडच्या खोलीत पोचली आणि तिथे आनंदीआनंद झाला. रुचिरा सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली. सासूबाईंनी देवाला हात जोडले, निहारचे पटापट मुके घेतले, माझ्या तोंडात पेढा कोंबला. मामांना पाठीत धपाटा बसला, तोही लाडाचा. माझ्या मुलाला मिरगी नव्हती. मलाही हसायला हवं होतं. मी पेढा तोंडातून काढून रुमालात गुंडाळला. काही अडणारच नव्हतं, कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि तेवढ्यासाठी या तिघांनी मला इतके दिवस त्या खड्ड्यात ठेवलं होतं, हातात दोर असून खाली सोडला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो. बूट काढता काढता सासूबाई म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं. पण भर कार्यात डॉक्टरांपुढे जायची काय गरज होती? बिचाऱ्याची मान खाली गेली चारचौघांत." हा बिचारा म्हणजे त्यांचा मुलगा.

मी सर्वेशकडे बघितलं. वाट बघितली. निदान एवढं तरी म्हणेल की आई, तू गप्प बस. तो फोन चार्जिंगला लावत होता. पिन नीट बसत नव्हती, म्हणून ती उलटसुलट करून बघत होता.

मी आत गेले आणि निहारचे कपडे बॅगेत भरले. सर्वेश थोड्या वेळाने दारात आला.

"आता काय? संपलं ना सगळं? पोरगं ठणठणीत आहे."

"हो. तो ठणठणीत आहे."

"मग कुठे निघालीस?"

"मुलुंडला. आईसमोर बसायचंय."

"उद्या जा की. आज दमलाय तो. आणि तिकडे त्याला ताप आला, झटका आला तर? तिकडे कोण आहे?"

"तिकडे माझी आई आहे," मी म्हणाले. "तिला मी एक प्रश्न विचारला होता, आणि तिने मला खरं सांगितलं होतं."

मी निहारच्या पायात सॅंडल घातल्या आणि गाडी बोलावली.